टोरांटोची डबल बेल

शुक्रवार पेठेतले मल्लप्पा एकतीस वर्षं सोलापूर–बार्शी एसटीचे कंडक्टर होते. रिटायर झाल्यावरही जगातलं कुठलंही अंतर ते बार्शीतच मोजत. लेक दानेश्वरी नोकरीला टोरांटोला गेली, तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, लई लांब का? मल्लप्पांनी कागद काढला. मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे एकशे अठ्ठ्याहत्तर बार्शी. विमानाला पंधरा तास. एसटीला, मध्ये समुद्र नसता तर, पंधरा दिवस. रोजच्या चार खेपा धरल्या, तर ते स्वतः टोरांटोला शंभरदा जाऊन आले होते. फक्त दर वेळी बार्शीला उतरले होते.

त्यांचा जुना तिकीट पंच दारामागे खिळ्याला असे. घरातून कुणी निघालं की मल्लप्पा तो तांब्यावर वाजवत. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दहावीच्या गणिताला ते टोले राहिले, तर दानेश्वरी कोपऱ्यावरून परत आली होती. पेपरला दहा मिनिटं उशीर झाला. मार्क गेले, नियम टिकला.

यंदा ती तीन वर्षांनी आली, पंधरा दिवस राहिली. निघताना उंबऱ्यावर थांबून वाट बघत होती. मल्लप्पा म्हणाले, तांब्या सापडत नाही. तांब्या त्यांच्या हातात होता. रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून दमला, तेव्हा ती बेलशिवायच गेली.

दुसऱ्या दिवशी मल्लप्पा मोबाइलवर विमान बघत बसले. साडेअकराला सुटायचं, एक वाजला तरी नकाशात मुंबईलाच. बायको दाक्षायणी घाबरली. मल्लप्पा नाही. बेलशिवाय गाडी हलत नसते, ड्रायव्हर कुणी का असेना, असं सांगून ते जेवायला बसले. एक कडक भाकरी जास्त खाल्ली. संध्याकाळी पोरीच्या आवडीची आमटी कर, असंही सुचवलं.

दोन वाजता विमानातूनच दानेश्वरीचा फोन आला. कुठल्याशा दाराचा धोक्याचा दिवा विझत नव्हता. इंजिनियर येऊन बघून गेला, दिवा तसाच. उद्या ती हजर झाली नाही, तर वर्षभर वाट बघितलेलं काम दुसऱ्याच्या हाती जाणार होतं. मग तिने आवाज खाली केला.

"अप्पा, तुमी बेल दिली न्हाय."

"तांब्या घावला न्हाय की."

"तुमच्याच हातात होता."

मल्लप्पांनी समोरचा तांब्या बाजूला सरकवला.

"अडीचशे पॅसेंजर बसून हायत, अप्पा."

हे मात्र लागलं. एकतीस वर्षांत त्यांनी पॅसेंजर कधी खोळंबून ठेवले नव्हते. ते उठले, पंच काढला, फोन तांब्याजवळ धरला. टण. मग बराच वेळ काहीच नाही.

"दुसरा?" दाक्षायणीने विचारलं.

टण.

"हाललं," दानेश्वरी म्हणाली. खरंच हाललं की बापासाठी म्हणाली, ते त्यांनी विचारलं नाही. फोन बंद झाला.

थोड्या वेळाने नकाशातलं विमान किनारा सोडून निघालं. मल्लप्पांनी पंच उचलला आणि तांब्यावर अगदी हळू एकच टोला दिला. दोघंही मोबाइलकडे बघत राहिले. विमान चालतच होतं.

"पंधरा तासांत," मल्लप्पा म्हणाले, "एक बी विनंती थांबा न्हाय."

दाक्षायणीने त्यांच्या हातातून तांब्या घेतला, पाणी भरून परत दिला, आणि आमटीची डाळ दोघांपुरतीच काढली.