चुलीपासून उठताना

अनुसूयाने पोळी तव्यावर टाकली आणि डाव्या पायाची टाच अंगाखाली सरकवून तिच्यावर सगळा भार दिला. उंबऱ्याबाहेर पत्रावळी पुसत बसलेल्या गंगूताईंचा हात थांबला. लेकीच्या कपाळावरचा घाम चुलीचा होता, पण खालच्या ओठावर दातांची खूण उमटली होती ती चुलीची नव्हती.

ती बसण्याची रीत गंगूताईंना ठाऊक होती. ती कुणी शिकवत नाही. सासरी आलेली बाई आपोआप शिकते.

“अनू, पाणी देऊ का घोटभर?”

“नको.”

“सकाळपासून काही प्यालीस?”

“प्यालं की उठावं लागतं, आई,” अनुसूया हळूच म्हणाली आणि माजघराकडे बघत तिनं पोळी उलटली.

अधिक जेठ चालू होता. औंढ्याच्या देवळालगतच्या आळीत, यात्रेकरूंच्या पूजा सांगणाऱ्या या घरात महिनाभर रोज पंधरा-वीस पानं उठत होती. ऊन मी म्हणत होतं. आड तळाला गेला होता. अनुसूया पहाटे आंघोळ करून सोवळं नेसायची आणि चुलीपुढे बसायची, ती शेवटची पंगत उठेपर्यंत. मध्येच लघवीला गेलं की सोवळं मोडलं. मग पुन्हा आडाचं पाणी ओढा, पुन्हा डोक्यावरून आंघोळ, पुन्हा दुसरं सोवळं. आणि तोवर नैवेद्य खोळंबलेला. या घरचा नियम तसा होता. अनुसूयाने त्यावर तिच्यापुरता तोडगा काढला होता. ती पाणीच पीत नव्हती.

काल तिन्हीसांजेला आई-वडील कुरुंद्याहून बैलगाडीने आले होते, जावयाला अनारशांचं वाण द्यायला. पायांवर पाणी घालताना लेकीने आईच्या कानाशी तोंड नेलं. उन्हाळी लागली होती. लघवीला बसलं की निखाऱ्यावर बसल्यासारखं व्हायचं, थेंब थेंब पडायचे, दोन दिवसांपासून लालसर. पाठीत, बरगडीखाली ठणकत होतं. गेल्या वर्षीही असंच झालं होतं. मग थंडी वाजून ताप भरला आणि तिसऱ्या महिन्यात पोट रिकामं झालं. आता पाचवा चालू होता.

“वैद्याला सांगितलंस?”

“काय सांगू? सासूबाई शेजारी बसतात. ते नाडी धरतात अन् विचारतात, भूक लागती का.”

 गंगूताई रात्रभर कूस बदलत राहिल्या होत्या.

माजघरातून आवडाबाई आल्या. अनुसूयाच्या सासूबाई, लाल आलवणातल्या, उंच, ताठ मानेच्या. चार वर्षांमागे नवरा गेला तेव्हा मुलगा उद्धव अठराचा होता. तेव्हापासून घरातली एकही रीत त्यांनी ढळू दिली नव्हती.

“झालं का गं? उद्धव पूजेवरून उठला. यजमान लांबून आलेत, त्यांना परत जायचंय.”

“होऊन राहिलं,” अनुसूया म्हणाली. तिनं लाटणं उचललं, ते हातातून सुटून परातीवर आपटलं. तिनं ते पुन्हा उचललं. या वेळी तिच्या खांद्यांवरून एक शहारा गेला. जेठातल्या दुपारी, पेटत्या चुलीपुढे तिला थंडी वाजत होती.

गंगूताईंनी हातातली पत्रावळ खाली ठेवली. उंबऱ्यावर एक पाय ठेवून त्या वाकल्या आणि त्यांनी उघडा तळवा लेकीच्या मानेला लावला.

“विहीणबाई!” आवडाबाई ओरडल्या. “सोवळ्यात आहे ती!”

मान तापली होती. गंगूताईंनी हात काढला नाही.

“आता मोडलंच सोवळं,” त्या म्हणाल्या. “अनू, ऊठ. मोरीत जा. सावकाश बस. कुंथू नको, घाई करू नको.”

अनुसूया बसूनच राहिली. तिचे डोळे एकदा आईकडे, एकदा सासूकडे जात होते. तव्यावरच्या पोळीचा वास बदलू लागला.

“ऊठ म्हणते ना!”

ती भिंतीला धरून उठली. दोन पावलं वाकूनच चालली आणि मागच्या दाराने गेली. आवडाबाईंनी वाट दिली खरी, पण पदर अंगाशी ओढून घेऊन.

“नैवेद्य व्हायचाय,” त्या म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता, आणि त्यामुळे जास्त जड झाला होता. “देव उपाशी आहे. माणसं पानावर बसायचीत. तुम्ही जाणत्या, तुमच्याकडून हे?”

“तिला ताप आहे.”

“ताप आम्हालाही यायचा. आम्ही नाही का केलं? सासूबाईंच्या राज्यात पाच तास, सहा तास बैठक असायची. कधी उठलो नाही.”

“मीही उठले नाही,” गंगूताई म्हणाल्या.

गडबड ऐकून रेशमी कद नेसलेला उद्धव माजघराच्या दारात आला. त्याच्या मागे ओसरीवरून बंडोपंत, अनुसूयाचे वडील, येऊन उभे राहिले. ओसरीवरच्या पाहुण्यांचं बोलणं थांबलं होतं. देवघरापुढे पितळी ताटात केळीच्या पानावर अनारसे रचलेले होते, खसखशीची बाजू वर. त्यांच्यामध्ये समई तेवत होती. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, गंगूताईंनी ते स्वतः तळले होते. एकही हसला नव्हता, तुपात विरघळला नव्हता.

त्या ताटाकडे त्यांनी एकदा पाहिलं. आता बोललं तर काय होईल, हे त्यांना दिसत होतं. मागच्या दारापलीकडून, मोरीतून, अनुसूयाचं दाबलेलं कण्हणं ऐकू आलं.

“मीही उठले नाही,” त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “अनूच्या वेळची बाळंतीण होते. सव्वा महिना झाला न झाला तोच चुलीपुढं बसले. दहा दहा माणसांचं रांधायचे आणि लघवी दाबून धरायचे. आधी आग व्हायची. मग ताप. मग आग गेली, वाटलं बरं झालं. बरं नव्हतं झालं. धरून ठेवायची ताकदच गेली होती. आता शिंकले की गळते, घागर उचलली की गळते. एकोणीस वर्षं मी फडक्याची घडी बांधून फिरते. रोज. आत्ता, इथंही.”

उद्धवने मान खाली घातली. बंडोपंत दाराच्या चौकटीवरच्या एका खिळ्याकडे बघत होते.

“पुरुषांसमोर…” आवडाबाई पुटपुटल्या.

“पुरुषांसमोरच सांगायला पाहिजे. जेवायला तेच बसतात.”

आवडाबाईंची नजर हळूहळू वळली आणि देवघरापुढच्या ताटावर थांबली.

“म्हणजे हे,” त्या म्हणाल्या, “हे अशाच अंगानं केलंत तुम्ही? अन् देवापुढं ठेवलंत?”

“हो.”

“एकोणीस वर्षं घरच्या देवालाही?”

“हो. देवानं कधी काही म्हटलं नाही.”

आवडाबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले, देवाचं नाव घेत असाव्यात. मग त्यांनी मुलाकडे न बघता सांगितलं, “उद्धव, ते ताट गोठ्यात ने. गाईला घाल.”

उद्धव एक क्षण थांबला. त्याने गंगूताईंकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत माफी होती, पण पाय आईच्या शब्दाबरोबर निघाले होते. त्याने समई उचलून खाली ठेवली आणि ताट घेऊन तो मागे गेला. उघड्या दारातून गंगूताईंना गोठा दिसत होता. गाईने पहिला अनारसा हुंगला, मग जिभेने ओढला. ती सावकाश खात होती.

“आमची लेक आम्ही नेतो,” गंगूताई म्हणाल्या.

“न्या. बाळंत होऊ द्या, मग बघू,” आवडाबाई म्हणाल्या आणि चूल नव्याने सारवायला शेण आणायला गेल्या.

गाडी जुंपली तेव्हा उद्धव घोंगडी आणि उशी घेऊन आला. कडब्यावर त्याने ती स्वतः अंथरली. “पंधरा दिवसांनी येतो,” तो अनुसूयाला म्हणाला. ती डोळे मिटून पडली होती. तिनं फक्त मान हलवली.

गाडी गावाबाहेर पडली. गडी आजारी होता म्हणून बंडोपंतच गाडी हाकत होते. चाकांचा आवाज आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, एवढंच. एका ओढ्याच्या अलीकडे बाभळींची गर्दी होती.

“गाडी थांबवा,” गंगूताई म्हणाल्या.

“काहून?”

“लघवीला जायचंय. हिला, आणि मलाही.”

बंडोपंतांनी कासरा ओढला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. औंढ्याला, वसमतला, हिंगोलीला किती वेळा गेले असतील. गंगूताईंनी वाटेत कधी गाडी थांबवायला सांगितलं नव्हतं.

मायलेकी बाभळींआड जाऊन परत आल्या. अनुसूया पुन्हा आडवी झाली आणि थोड्याच वेळात तिचा श्वास संथ लागला. गंगूताई पुढे सरकून बसल्या.

“मला ठाऊक होतं,” बंडोपंत बैलांच्या वशिंडांकडे बघत म्हणाले.

“काय?”

“तिथं तू सांगितलंस ते.”

गंगूताईंनी गाडीची उभी काठी धरली.

“कधीपासून?”

“अनू रांगत होती. तू गंजीमागं फडकी वाळत घालायचीस. एकदा बैल सोडायला गेलो तेव्हा दिसली.” त्यांनी बैलांना चुचकारलं. “तुला संकोच नको म्हणून ओसरीवर निजायला लागलो. कधी एका शब्दानं बोललो नाही.”

एखादी वस्तू वर्षानुवर्षं जपून ठेवावी आणि एक दिवस हाती द्यावी, तसं ते बोलले होते. गंगूताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. आपल्या अंगाचा वास येतो म्हणून हे ओसरीवर गेले, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. दिवसातून दोनदा आंघोळ करायच्या. थंडीतसुद्धा. उशाशी ओवा ठेवायच्या.

“ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि रोज म्हणत होतात, उठू नको, पोळी तव्यावरची पाहिजे.”

बंडोपंतांनी कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. बैल आपल्या चालीने ओढ्यात उतरले आणि पलीकडे चढले.

कुरुंद्याला सुईणीने गोखरूचा काढा सांगितला. गंगूताईंनी रात्री धणे भिजत घालावेत, सकाळी ते पाणी गाळून द्यावं. दिवसभर लेकीच्या हाती तांब्या. पाच दिवस ताप चढत-उतरत राहिला. एकदा अनुसूया बरळली, “तीनच राहिल्यात, लाटून उठते.” गंगूताई तिच्या पोटावर हात ठेवून बसल्या. सहाव्या दिवशी घाम फुटला, ताप उतरला, आणि संध्याकाळी अनुसूया एकदम म्हणाली, “आई, हललं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बंडोपंत पानावर बसले. गंगूताईंच्या सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी या घरातही चुलीपुढचा नियम तोच होता. तो उठवायला वडीलधारं कुणी उरलं नव्हतं, आणि गंगूताईंनी स्वतः कधी उठवला नव्हता. वरण-भात झाला. गंगूताईंनी पोळी तव्यावर टाकली. अनुसूया माजघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती.

बंडोपंतांनी भाजीचा घास घेतला आणि पोळीसाठी पानाची कड मोकळी केली.

गंगूताई उठल्या.

कुणाला काही न सांगता त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या. बंडोपंतांचा हात पानावर थांबला. परसातून हौदाच्या पाण्याचा आवाज आला. हातपाय धुण्यापुरता, आंघोळीचा नाही. मग त्या आत आल्या. अंगावर तेच सोवळं होतं. पायांचे ओले ठसे शेणाच्या जमिनीवर चुलीपर्यंत उमटत गेले. त्या पाटावर बसल्या आणि पदराने तोंड पुसलं.

तव्यावरच्या पोळीला एका बाजूने काळे डाग पडले होते. त्यांनी ती चिमटीत धरून उचलली आणि बंडोपंतांच्या पानावर हात लांबवून धरली. वाढली नाही.

बंडोपंतांनी जमिनीवरच्या ओल्या पावलांकडे पाहिलं. मग दाराशी बसलेल्या लेकीकडे. ती वडिलांकडेच बघत होती.

“करपली,” ते म्हणाले.

“हो,” गंगूताई म्हणाल्या. “उठले होते.”

पोळीतून वाफ निघत होती, बोटांना चटका बसत असणार. त्यांनी हात मागे घेतला नाही. बंडोपंतांनी एकदा घसा साफ केला आणि पान हळूच त्यांच्या बाजूला सरकवलं.