दुपारचं फडकं

सगळे त्याला गोचीडवाला म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही. जनावरांच्या खात्यातली त्याची नोकरीच तशी होती. काठीला बांधलेलं पांढरं फडकं रानाच्या कडेच्या गवतावरून ओढत न्यायचं, दर वीस पावलांनी उलटून बघायचं, चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने बाटलीत टाकायच्या आणि वहीत आकडा लिहायचा. कोणी विचारो न विचारो, तो ऐकवायचा, की गोचीड पिल्लू असताना उंदराचं रक्त पिते आणि तिथूनच रोग घेते. मोठी झाली की सशाला, हरणाला चावते. हरणाच्या वाटेवर गाय चरायला आली की गायीला. गाय दिसायला ठणठणीत असते, पण तिच्या अंगावर बसून गोचीड गोठ्यात येते आणि दूध काढणाऱ्या माणसालाही सोडत नाही.

या कामाला एकच अट. दव वाळलं की लगेच, ऊन चढायच्या आत फडकं ओढायचं. ऊन तापलं की गोचिडी गवताच्या टोकावरून उतरून मुळाशी ओल्या पाल्यात दडतात. मग दिवसभर ओढा, फडकं धुतल्यासारखं पांढरं.

आणि आमचा गोचीडवाला पडला झोपाळू.

नदीकाठच्या कुरणाची पाहणी त्याने तीन दिवस केली, तिन्ही दिवस दुपारी. वहीत वेळ लिहिली सकाळी आठ, आकडा शून्य. खात्याच्या नकाशावर कुरण हिरवं झालं आणि गुरांना मोकळं मिळालं. सगळ्यांत आधी तिथे गायी नेल्या त्याच्या वहिनीने. आमच्या भावजींनी स्वतः तपासलंय, असं ती शेजारणींना सांगत सुटली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. भावजी म्हणायची आणि अरे-तुरे करायची.

तीन आठवड्यांनी तिला ताप भरला, तसे दादा आणि तो तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठे रानात, कुरणात गेल्या होत्या का, गोचीड चावली असेल का. दादा म्हणाला, कुरण स्वच्छ आहे, हाच बघून आलाय. बाईंनी गोचीडवाल्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली आणि वर म्हणाला, "शून्य."

असं का केलं, हे त्याला पुढे कधीच धड सांगता आलं नाही. थोडी भीती होती, थोडी दादासमोरची लाज. आणि नकाशावरचा हिरवा रंग बघून बघून स्वतःचंच शून्य त्याला खरं वाटायला लागलं होतं.

तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं आणि दोन दिवस साध्या तापाचं औषध चाललं. तिसऱ्या दिवशी वहिनीच्या मनगटांवर लाल ठिपके उठले, आणि भर दुपारी तिने दादालाच विचारलं, तुम्ही कोण. एवढे दिवस लोकांना शिकवलेलं सगळं गोचीडवाल्याच्या समोर खाटेवर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तो कुरणात पोहोचला. फडकं ओढलं, वीस पावलं मोजली, उलटलं. सतरा गोचिडी. बाटली घट्ट धरून तो दवाखान्यापर्यंत जवळजवळ पळतच गेला.

डॉक्टरीणबाई खाटेपाशीच होत्या, दादाही होता. त्याने बाटली टेबलावर ठेवली.

"मी तिन्ही दिवस दुपारी गेलो होतो. वेळ खोटी लिहिली. त्या दिवशी तुमच्यासमोरही खोटंच बोललो."

बाईंनी आधी नर्सला औषध बदलायला सांगितलं. हे तीन दिवस आधी सुरू व्हायला हवं होतं, एवढंच त्या म्हणाल्या, तेही हळू आवाजात. चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. मग त्यांनी त्याला तिथल्या तिथे खात्याच्या साहेबांना फोन लावायला सांगितलं, कुरण आजच बंद झालं पाहिजे म्हणून. दादा बाटलीकडे बघत होता. भावाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

फोन वाजत असताना वहिनीने डोळे उघडले. सकाळपासून ती भानावर होती, तिने सगळं ऐकलं होतं. तापलेल्या हाताने तिने त्याची बाही ओढली.

"साहेबांना सांग, वहिनीने उठवलंच नाही म्हणून. माझ्यावर ढकल. मला कोण काय बोलणार आहे?"

धडधडीत खोटं. तिन्ही सकाळी तिने त्याला दोन-दोनदा हलवलं होतं, तिसऱ्या दिवशी तर उशाशी चहा ठेवून गेली होती. तो गार झालेला चहा त्याने अकरा वाजता मोरीत ओतला होता. आत्ता ते आठवून त्याला तिच्याकडे बघवेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

पलीकडून साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कुरण लगेच बंद करतो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तीन दिवसांत एकदाही सकाळी जाग आली नाही तुला? घरात उठवणारं कोणी नव्हतं?"

वहिनी त्याच्याकडे बघून मान हलवत होती, नव्हतं म्हण, नव्हतं म्हण.

"होतं, साहेब," तो म्हणाला. "रोज उठवलं. मीच उठलो नाही."