खोंडाचं रक्त, पोरीचं रक्त

"आमच्या घराण्यात असलं काई न्हाई," तुळजाबाईंनी माजलगावच्या डॉक्टरीणबाईंना ठणकावलं. "ह्यो चळ आष्टीहून आलाय."

आष्टी म्हणजे सुनेचं, अंजनाचं माहेर. सात वर्षांची कावेरी तोवर वजनकाट्यावर उड्या मारून, पडदा ओढून, टेबलाखालून बाहेर येत होती. शाळेनं तिला घरी बसवलं होतं. बसणं सोडून तिला सगळं येत होतं.

"याला अतिचंचलता म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बऱ्याचदा रक्तातून येते. आईकडून, नाहीतर बापाकडून. दोष कुणाचाच नसतो, उपचारही आहेत. घरात लहानपणी असं कुणी..."

"न्हाई," पोरीचा बाप गहिनीनाथ प्रश्न संपायच्या आत म्हणाला आणि पुन्हा बाहेर फोनवर बोलायला गेला.

लहानपणी तुळजाबाई त्याला बाजेच्या पायाला बांधून शेतात जायच्या. पुढं तो सोसायटीच्या राजकारणात शिरला, आणि त्याच खोडीला लोक धडाडी म्हणू लागले. यंदाच्या दुष्काळात सोसायटीची चारा छावणी त्याच्या हाती आली. "गडी एका जागी ठरत न्हाई," म्हणून चेअरमन अर्जुनरावांनी त्याला संचालकपदाला उभं करायचं कबूलही केलं.

रविवारी छावणीतच सोयऱ्यांची बैठक भरली. आधी एका खोंडाचा सौदा निघाला. तुळजाबाईंनी खोंडाच्या बापाची, आजाची, आजाच्या वशिंडाचीसुद्धा चौकशी केली.

"बाप मारका असंल तर खोंड मारकाच निपजतो," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग अंजनाचा विषय निघाला आणि रक्ताला एकदम एकच, आईची बाजू उरली.

"दोघींला आष्टीला धाडा," अर्जुनराव म्हणाले. "इलेक्शन तोंडावर हाय. लोक म्हनतील, घरातच खोट हाय."

अंजनानं नवऱ्याकडं पाहिलं. "अहो, बाजेचं सांगा की. मामंजी मला सांगून गेलेत."

सगळ्या माना गहिनीनाथाकडं वळल्या. त्याचा पाय तेवढा हलत होता. तुळजाबाई खोंडाकडं बघत होत्या.

"काय बी बोलू नको," तो म्हणाला आणि कडब्याचा ट्रक आला का बघायला उठला. ट्रक उद्या यायचा होता.

"बघा, याला म्हनतेत धडाडी!" अर्जुनराव कौतुकानं म्हणाले.

जीप आली. अंजनानं पिशवी स्वतःच उचलली. "पोरीचं औषध मी चालू ठेवीन, आत्या. काळजी करू नका," ती सासूला म्हणाली. काळजी कुणी करत नव्हतंच.

तेलगावच्या वळणापर्यंत कावेरी जीपच्या खिडक्या बदलत बापाला हाका मारत होती. तो एकाही खिडकीतून दिसला नाही.