पाण्यातली लाल रेघ

काळ्या कापडाच्या मांडवात शिरायला रांग लागली होती. वडनेर भोलजीच्या बाजारात त्या दिवशी कांद्यापाशी गिऱ्हाईक नव्हतं, वांग्यापाशी नव्हतं. सगळा बाजार मांडवात, आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही ते कापडाच्या फटीला डोळे लावून.

आत पाटावर काचेचे दोन ग्लास होते. दोन्हींत पाणी, दोन्ही सारखंच नितळ. पाटामागे तेजनाथ महाराज. खाली भगवी लुंगी, वर डॉक्टरासारखा पांढरा कोट, हातात लाल प्रकाशाची लेसर बॅटरी.

"हे तुमचं साधं पाणी," महाराज म्हणाले. "मुकं पाणी! प्रकाश आला काय, गेला काय, याला पत्ता नाही."

त्यांनी पहिल्या ग्लासातून प्रकाश सोडला. पाण्यात काहीच दिसलं नाही. पलीकडच्या कापडावर लाल ठिपका तेवढा पडला.

"आणि हे तेजोजल! यात चांदीचे नॅनोकण. नॅनो म्हणजे काय, माउली? डोक्याच्या एका केसाचे उभे लाख तुकडे करा, त्यातला एक उचला. त्यात जो प्राण राहतो, तो नॅनो! विलायतेला आज कळलं. आमच्या गुरूंना गुहेत बसल्या बसल्या कळलं होतं."

दुसऱ्या ग्लासातून प्रकाश गेला आणि पाण्याच्या आरपार लालभडक रेघ उमटली. जणू कुणी तापलेली तार आत घातली होती.

"पाह्यलं का बे? पेटलं ना पाणी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"महाराज, हे ढेकणाले चालते का?" उकंडरावांनी विचारलं. गावात कुठलाही गंभीर प्रसंग उकंडरावांच्या प्रश्नाशिवाय पार पडत नाही.

"श्रद्धा असेल तर सगळ्याला चालते," महाराज म्हणाले. "हे बियाण्याला लावा. मर रोग येणार नाही, मूळकुज येणार नाही. फक्त एक पथ्य. ऐकतो की इथल्या बाया मडक्यात बुरशी पोसतात आणि ती शेतात टाकतात! अहो, घरात चोर शिरला म्हणून कुणी दुसरा चोर बोलावतो का? बुरशी आणि तेज एका जागी नांदत नाहीत. बुरशी फेका."

लोक हसले. मी हसलो नाही. बायांना ती बुरशी पोसायला मीच शिकवलं होतं.

गावातल्या कोकिळाबाईंनी आणखी नऊ जणींना जमवून तीन एकर शेत मक्त्याने घेतलं होतं. आधीची दोन वर्षं गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली होती. बीटी बियाणं म्हणजे सगळ्या किडी-रोगांपासून अभय, असं समजून चाललेलं गाव त्यामुळे पार हादरलं होतं. म्हणून बायांनी हरभरा धरला. त्यांचं एकत्रातलं हे पहिलंच पीक. "पोरगी पास झाली तर शाळा, नाईतर चूल," असं कोकिळाबाई हसत म्हणायच्या. पीक आलं तर गट राहणार होता. नाही आलं तर दहाही घरचे पुरुष "सांगतलं होतं ना" म्हणायला बसलेच होते.

हरभऱ्याला त्या जमिनीत मर लागते, उभी झाडं वाळतात, म्हणून मी अकोल्याहून ट्रायकोडर्माची पुडी आणून दिली. ही मातीतली चांगली बुरशी. रोगाच्या बुरशीला ती विळखा घालते आणि खाऊन टाकते. शिजवलेल्या ज्वारीत विरजणासारखी पुडी घातली की आठवड्यात मडकं हिरवंगार होतं. बाया तिला नुसतं 'हिरवी' म्हणत. "हिरवीचं तोंड झाकलं का?" असं एकमेकींना विचारत.

मी बोलणारच होतो. तेवढ्यात महाराजांनी मला गर्दीत हेरलं.

"अरे, हिंमतराव सर इथे! चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस! सर, तुम्हीच सांगा. पाण्यात नॅनोकण असले की प्रकाशाची रेघ दिसते की नाही?"

माइक माझ्यासमोर आला. मी हे वाचलेलं होतं. पाण्यात अतिसूक्ष्म कण तरंगत असले की ते प्रकाश चहूकडे उधळतात, म्हणून त्याची वाट दिसते. प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, आणि उत्तर आलं की बोट वर करायची विद्यार्थ्याची खोड माझ्यात म्हातारपणीही होती.

"हो," मी म्हणालो. "दिसते."

टाळ्या पडल्या आणि माइक परत गेला.

मला पुढे बोलायचं होतं, असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. माइक गेला तरी तोंड माझ्याकडेच होतं. पण निवृत्तीनंतर इतक्या लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मला ते बरं वाटलं, आणि मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी कोकिळाबाईंच्या अंगणात गेलो तर सहाही मडकी धुऊन पालथी घातलेली.

"हिरवी कुठं आहे?"

"उकिरड्यावर टाकली ना, सर. दोन्ही एका जागी चालत नाई म्हणे."

"अहो, पण विचारायचं तरी!"

"तुमाले काय इचारू? तुमीच माइकवर हाव म्हणलं. मंग मी कायले ठेवू ते मडके?"

त्याच घडीला मी म्हणायला हवं होतं, "बाई, थांबा. मी अर्धंच बोललो." पेरणीला अजून आठवडा होता, तेवढ्यात नवीन विरजण तयार झालं असतं. पण त्यासाठी साऱ्या बाजारात दिलेला 'हो' परत घ्यावा लागला असता. मी म्हणालो, "बघू या, काय होतं ते," आणि घरी आलो. मुलांना मी आयुष्यभर सांगितलं की चुकलं तर खोडा आणि पुन्हा लिहा. स्वतःची पाटी मात्र मी छातीशी धरून बसलो.

बियाण्याला तेजोजल लावून पेरणी झाली. हरभरा उगवला, वीतभर झाला, आणि महिना उलटल्यावर शेंडे माना टाकू लागले. आज दोन झाडं, उद्या वाफाभर. उपटलं तर मूळ वरून धड दिसायचं. उभं चिरलं की आत काळपट रेघ. मर रोगच. महाराजांचा निरोप आला की गटात कुणाच्या तरी श्रद्धेत खोट आहे, पुढच्या बाजारी येतो, दुसरी मात्रा घ्या. मग दहा बाया एकमेकींकडे संशयाने पाहू लागल्या. कुणी बिनआंघोळीची शेतात गेली होती का, कुणी हिरवीच्या मडक्याला शिवली होती का. पीक जात होतंच, आता गटही चालला होता.

रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर मुलं शिकायला जमतात. त्या रविवारी सातवीतली महनूर धापा टाकत सगळ्यांच्या आधी आली. बाजारचौकात तिच्या जावेदचाचाचं चहाचं हॉटेल आहे.

"सर, आमच्या हॉटेलात बी तेज आलं!"

"काय आलं?"

"चला ना. नाईतर थांबा, इथंच दाखवते."

तिच्या एका हातात जत्रेतला खेळण्यातला लेसर होता, दुसऱ्यात झाकण लावलेला ग्लास. माजघराच्या अंधारात तिने प्रकाश सोडला. तीच लाल रेघ, काठोकाठ.

"यात काय घातलंस?"

"काईच नाई! चाचानं दुधाचा ग्लास नुसता खंगाळला अन् मी त्यात पाणी भरलं. पोरं लेसर खेळून राह्यलते, तर रेघ निघाली. सर, तुमी म्हणलं होतं नॅनो असले की रेघ दिसते. मंग चाचाच्या दुधात चांदी हाये का?"

मी खाली बसलो. पाण्यात दुधाचा एक थेंब. दुधातल्या स्निग्धाचे आणि प्रथिनांचे कण इतके बारीक की पाणी नितळच दिसतं, पण प्रकाश उधळायला ते पुरतात. नॅनोकण असले की रेघ दिसते, हे खरं. पण रेघ दिसली म्हणजे चांदीच असते, हे कुठे खरं होतं? पाऊस पडला की अंगण ओलं होतं. अंगण ओलं दिसलं म्हणून पाऊसच पडला असं नाही, कुणी सडाही घातला असेल. हे मी दरवर्षी सहावीला शिकवायचो.

कोकिळाबाईंकडे जाऊन तेजोजलाची उरलेली बाटली आम्ही उघडली. आंबूस भपकारा आला.

"मले वाटलं, हा चांदीचाच वास असंल," कोकिळाबाई म्हणाल्या.

महनूरने नाक दाबलं. "चांदी आंबते का, सर?"

पुढच्या बाजारी मांडव पुन्हा भरला. लाल रेघ उमटताच मी उभा राहिलो.

"मागच्या वेळी मी इथं 'हो' म्हणालो होतो," मी म्हणालो. "ते अर्धं उत्तर होतं. उरलेलं ही मुलगी देईल."

महनूरने पाटावर तिसरा ग्लास ठेवला, महाराजांच्याच पिण्याच्या सीलबंद बाटलीतलं साधं पाणी ओतलं, प्रकाश सोडला. काही नाही. मग चाचाच्या किटलीशेजारच्या पातेल्यातल्या दुधाचा एक थेंब टाकून ढवळलं आणि पुन्हा प्रकाश सोडला. लाल रेघ!

महाराज सावरले. "बघा, बघा! गोमातेच्या दुधातही तेच तेज!"

"म्हशीचं हाये," जावेद मागून म्हणाला. "लायकराव गवळ्याच्या म्हशीचं."

हशा उसळला. महनूरने चौथ्या ग्लासात भाताच्या पेजेचा थेंब टाकला. पुन्हा रेघ.

"हे तर तांदूळ हाये, महाराज," ती म्हणाली. "यात कोणती माता?"

कोकिळाबाईंनी आपली बाटली उघडून पहिल्या रांगेत फिरवली. लोक वास घेऊन तोंड वाकडं करत पुढे देत गेले. बाटली शेवटच्या माणसापाशी पोचेपर्यंत महाराजांचा पांढरा कोट जीपमध्ये बसला होता. उकंडराव म्हणाले, "तरीच ढेकणं मरण्याऐवजी जाडे झाले."

सगळे हसत होते. मला मात्र समोर कोकिळाबाईंच्या मागे उभ्या त्या नऊ जणी दिसत होत्या. त्या हसत नव्हत्या. मी त्यांच्यासमोर हात जोडले. "तुमच्यातल्या कुणाचीच श्रद्धा खोटी नव्हती. माझं उत्तर खोटं होतं. आणि मडकी फेकलेली पाहूनही मी बोललो नाही, ते त्याहून वाईट."

त्या नऊ जणी वळल्या आणि चालू लागल्या. ते बरोबरच होतं.

पुढच्या रविवारी मी मुलांना शेतात नेलं. नाल्याकडच्या बाजूला एक पट्टा हिरवा दिसत होता. तिथे पेरणीआधी उकिरड्यातलं खत पसरलं होतं, ज्यावर हिरवी फेकली होती तेच. मुलांनी दोन्हीकडे शंभर शंभर झाडं मोजली. पट्ट्यात अकरा मेलेली, बाकी शेतात त्रेचाळीस.

बांधावर बसून मी मुलांना सांगितलं की नॅनोकण हे थोतांड नाही. चांदीचे, जस्ताचे, तांब्याचे सूक्ष्म कण पिकांच्या रोगांवर वापरून पाहतात, आणि ते कण ट्रायकोडर्मासारख्या बुरशीच्या मदतीनेही तयार करतात. मात्रा किती, मातीतल्या चांगल्या जिवांना त्यांचा त्रास किती, हे मोजत मोजत शास्त्रज्ञ पुढे जातात. जो मोजू देत नाही, प्रश्न विचारला की तुमच्या श्रद्धेत खोट काढतो, त्याच्याजवळ विज्ञान नसतं, नुसता पांढरा कोट असतो. आणि सांगणारा तुमचा आवडता मास्तर असला तरी त्याला विचारा, "कशावरून?" मला कुणी विचारलं नाही. ज्यांनी विचारलं नाही त्यांची ती चूक नव्हे. अर्धं बोलून गप्प बसलेल्या माझी होती.

कोकिळाबाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. हिरव्या पट्ट्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "म्हणजे हिरवीनंच वाचवलं ना, सर?"

'हो' अगदी ओठांवर आला होता.

"माहीत नाही," मी म्हणालो. "नुसत्या खतानंही वाचली असतील. किंवा तिकडची माती वेगळी असेल. पुढच्या वर्षी शेजारी शेजारी पट्टे आखू. एकात हिरवी घातलेलं खत, एकात नुसतं खत, एकात काहीच नाही. मग मोजून सांगतो."

कोकिळाबाईंनी वाळलेलं एक झाड उपटलं, मुळाची माती झटकली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी माइकवर असंच म्हणले असते, सर."

मग वाकून त्यांनी दुसरं झाड उपटलं.