कुलपाच्या भरवशावर

मित्रांनो, वकिलांच्या कचेरीत टेलिफोनशेजारी, फायलींच्या गठ्ठ्याखाली एक पिवळट पडलेले खोके दिसते ना, ते मी. मी फॅक्स मशीन आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मला चालताना पाहिलेही नसेल. कागदावरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे मी आवाज करत असे. ते टेलिफोनच्या तारेतून जात आणि पलीकडचे यंत्र त्यांचे पुन्हा ठिपके करी. कारखान्यातल्या तपासनिसाने एकच कागद माझ्यातून नऊ वेळा पाठवून पाहिला, तेव्हा कुठे माझ्या पाठीवर शिक्का बसला.

या कचेरीत घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद तयार होतात. पैसे कोणत्या खात्यात भरायचे, हे गिऱ्हाइकाला कळवण्याचे काम काकूंचे. काकू म्हणजे इथल्या मुख्य कारकून. वकीलसाहेबही त्यांना काकूच म्हणत. त्यांची एक रीत होती. आधी फोन करून घेणाऱ्या माणसाला त्याच्या यंत्रापाशी उभे करायचे, मगच कागद माझ्यात घालायचा. तो पोचला की पुन्हा फोन. "शेवटचे चार आकडे वाचून दाखवा बघू." चार आकडे जुळल्याशिवाय त्या चहाच्या कपाला हात लावत नसत. वकीलसाहेब थट्टा करत, "काकू, नंबर पाठवताय की लग्न जुळवताय?"

मी फुशारकी मारत नाही. माझ्यात खोट होतीच. माझा कागद पलीकडच्या ट्रेमध्ये उघडा पडे, कुणीही वाचावा. काकू रजेवर असताना एक आकडा चुकीचा दाबला गेला आणि एका गिऱ्हाइकाचा बँकेचा उतारा दातांच्या दवाखान्यात पोचला. सुरक्षित मी कधीच नव्हते, सुरक्षित होती ती काकूंची रीत. हे मला उशिरा कळले. वकीलसाहेबांना कळलेच नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी तार काढली आणि सगळे ई-मेलवर गेले. कोणती पद्धत घ्यावी याची काकूंनी दोन दिवस चौकशी केली. साधी मेल पाठवली तर वाटेत किंवा मेलच्या पेटीत शिरलेला कुणीही ती वाचू शकतो. फाईलला कुलूप घालता येते, पण मग पासवर्ड फोनवरच सांगायला हवा. तिसरी सोय पोर्टलची. तिथे गिऱ्हाईक स्वतः आत शिरून कागद पाहते आणि दर वेळी त्याच्या मोबाईलवर नवा आकडा येतो. काकूंनी पोर्टल घ्यावे असे लिहून दिले.

वकीलसाहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, लोकांना स्वतःचे पासवर्ड आठवत नाहीत, त्यात आपली भर कशाला? त्यांनी कुलूपबंद फाईल निवडली आणि सगळ्यांसाठी एकच पासवर्ड ठरवला, कचेरीचा टेलिफोन नंबर. तो प्रत्येक मेलच्या तळाशी छापलेला असे आणि 'पासवर्ड खाली आहे' असेही त्याच मेलमध्ये लिहिलेले असे.

"साहेब, कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगली की आपण," काकू म्हणाल्या.

"अहो, कुलूप दिसलं की लोकांना बरं वाटतं. तेवढं पुरे."

फोन करण्याची रीतही मग वेळखाऊ ठरली आणि बंद पडली.

अशात टेलरबाई आल्या. सव्वीस वर्षे भाड्याच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवून त्यांनी दोन खोल्यांचे घर ठरवले होते. गुडघे धरतात म्हणून तळमजल्यावरचे. शिवणयंत्र खिडकीखाली मावेल की नाही, हे त्या गळ्यातल्या टेपने मोजून आल्या होत्या आणि ते माप काकूंना दोनदा सांगून झाले होते.

मंगळवारी अकरा वाजता कचेरीची मेल त्यांना गेली. एक वाजता दुसरी पोचली. पहिले खाते बंद आहे, नवे सोबत जोडले आहे. कचेरीच्या मेलच्या पेटीत शिरून कुणीतरी कित्येक दिवस सगळ्या मेल वाचत होते, आणि ही दुसरी मेल त्याचीच होती. तेच शीर्षपत्र, तीच वाक्ये, तशीच बंद फाईल. टेलरबाईंनी नेहमीचा पासवर्ड घातला, फाईल उघडली. कुलूप तेच, म्हणजे पत्रही कचेरीचेच, असे त्यांना वाटले. कुलूप नसते तर कदाचित त्या जास्त बिचकल्या असत्या.

तरी कापड कापण्याआधी दोनदा मोजणारा तो हात. त्यांनी फोन केला. काकू नोंदणी कार्यालयात गेल्या होत्या. वकीलसाहेबांनी एका हाताने फोन उचलला, दुसऱ्या हातातली फाईल चाळतच राहिले. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. खाते बदलल्याची मेल आली आहे, त्यातच भरू ना, असे त्या विचारत होत्या.

"मेलमध्ये आहे ना बाई? मग मेलप्रमाणेच करा."

एवढे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी काकूंनी पैशांची चौकशी केली. मंगळवारीच भरले, असे टेलरबाई म्हणाल्या. काकूंनी जुन्या सवयीने शेवटचे चार आकडे वाचायला सांगितले. ते जुळले नाहीत. काकूंनी पुन्हा वाचायला सांगितले, मग खुर्चीवर बसल्या. बँकेने कळवले की ते खाते मंगळवारी संध्याकाळीच रिकामे झाले होते.

टेलरबाई कचेरीत आल्या. वकीलसाहेबांनी त्यांना पाणी दिले आणि म्हणाले, "एवढी मोठी रक्कम, बाई. निदान एकदा विचारायचं तरी."

"विचारलं होतं, साहेब. फोन तुम्हीच उचलला होता."

"मला तसं काही आठवत नाही."

काकूंनी साहेबांकडे पाहिले, पण फोन आला तेव्हा त्या तिथे नव्हत्या. तिथे फक्त मी होते, आणि माझी साक्ष कोण घेणार?

ते घर महिन्याभरात दुसऱ्याने घेतले. त्याचे कागदही याच कचेरीत झाले; टेलरबाईंच्या नावाच्या जागी दुसरे नाव काकूंनीच टाईप केले आणि त्याच दिवशी नोकरी सोडली. वकीलसाहेबांनी पोर्टल अजून घेतलेले नाही. मेलच्या तळाशी एक ओळ वाढवली आहे: 'नुकसानीस कचेरी जबाबदार नाही.'

मित्रांनो, उद्या तुम्हीही असे आकडे पाठवाल. साधन नवे आहे की जुने, हे नंतर पाहा. आधी पाहा की वाटेत ते कोण वाचू शकेल, किल्ली कोणत्या वेगळ्या वाटेने जाईल आणि खरे-खोटे पडताळायला पलीकडे माणूस आहे का. आणि तो माणूस तुम्ही असाल, तर फोन आल्यावर हातातले काम खाली ठेवा.

खोली रिकामी करण्याची तारीख टेलरबाईंनी घरमालकाला आधीच देऊन टाकली होती. तीच खोली त्यांना परत मागावी लागली. खोली मिळाली, पण भाडे वाढवून.