बाबांची परतपाठवणी

साथीच्या दिवसांत बाबांचा प्रवासाचा अर्ज नवव्या वेळी मंजूर झाला. आधीचे आठही 'कारण समाधानकारक नाही' असा शेरा घेऊन परत आले होते. कारण आठही वेळा एकच होतं : मुलीचं बाळंतपण. नवव्या वेळी मी कंटाळून कारणाच्या रकान्यात नुसतंच 'अत्यावश्यक' असं लिहिलं आणि तासाभरात पास आला. काय अत्यावश्यक, हे कुणी विचारलंच नाही.

ताई साठ किलोमीटरवर, शेजारच्या जिल्ह्यात. दिवस भरत आलेले आणि घरात एकटी. भावोजी दुधाचा टँकर चालवतात. त्यांच्याकडे देशातल्या सगळ्या रस्त्यांचा पास होता, पण त्या रस्त्यांपायी घरी मात्र चार दिवसांतून एकदा जाणं व्हायचं. आईला जाऊन चार वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी ताईचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा बाबा पोचले ते सगळं उरकल्यावर. हातातली ऑर्डर पुरी करून निघाले होते. ताईने तक्रार केली नाही. "जेवलात का?" एवढंच विचारलं. बाबांना ते जेवण अजून पचलेलं नाही.

म्हणून या वेळी ते महिनाभर आधीपासून तयारीला लागले होते. उशीला टॉवेल गुंडाळून ती खांद्यावर घेऊन घरात फेऱ्या मारायचे.

"मान धरा बाबा, मान!" मी म्हणायचे.

"कुठाय मान?" बाबा उशी उलटसुलट करून बघायचे.

बाबा रबरी शिक्के बनवतात आणि मी कॉम्प्युटरवर त्यांची अक्षरं जुळवते. साथ आल्यावर बाजार बंद झाला, पण बंद आहे हे कागदोपत्री सांगायला शिक्के लागतातच, त्यामुळे आमचं दुकान चालू राहिलं. पास दुसऱ्या दिवसाचा होता. आदल्या दुपारी शेवटचं काम हातावेगळं करायचं होतं : सात नाक्यांसाठी सात शिक्के, 'गृह विलगीकरण, १४ दिवस'. बाहेरून येणाऱ्यांच्या हातावर मारायचे. साथ नियंत्रण कक्षाने सोबत शाईची बाटलीही पाठवली होती आणि शिक्के याच शाईने तपासून द्या, असं कळवलं होतं.

आता बाबांची बत्तीस वर्षांची एक सवय आहे. नवा शिक्का ते आधी स्वतःच्या हातावर उठवून बघतात. त्यांचं म्हणणं, कागद लबाड असतो, सगळं सांभाळून घेतो. कातडीवर मात्र एखादी वेलांटी उथळ असली की लगेच उघडी पडते. लहानपणी मी वाचायला शिकले ती त्यांच्या मनगटावरून. 'रद्द', 'पोचले', 'तातडीचे'. संध्याकाळी साबण लावला की हात कोरा.

मी रबराचे तुकडे आवरून मागच्या खोलीतून आले तेव्हा बाबा खूश होते. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकाखाली एक सात शिक्के.

"बघ," ते म्हणाले, "एकही वेलांटी बुजलेली नाही."

मी बाटली उचलून मागची चिठ्ठी वाचली. 'ही शाई पंधरा दिवस कोणत्याही उपायाने निघत नाही.'

सरकारने दिलेला शब्द इतका काटेकोर पाळला गेलेला मी पहिल्यांदाच पाहिला. साबण, रॉकेल, लिंबू, घासणी, सगळं झालं. शेवटी हाताचा रंग उतरला, शिक्के तेवढे उठून दिसायला लागले.

"लांब बाह्यांचा शर्ट घालतो," बाबा म्हणाले.

"ते बाह्याच वर करायला सांगतात, बाबा."

"मग खरं काय ते सांगू. खरं बोलणाऱ्याला कशाची भीती?"

सकाळी मी त्यांना स्कूटरवरून नाक्यापर्यंत सोडायला गेले. पोलिसाने पास पाहिला, मान डोलावली आणि म्हणाला, "बाही वर करा." बाबांनी केली. पोलीस वाचत वाचत वर गेला आणि कोपरापाशी पोचेस्तोवर स्वतः चार पावलं मागे गेला होता.

"काका, सात वेळा? जगप्रदक्षिणा करून आलात काय?"

"कुठेच गेलो नाही हो. हे शिक्के माझेच आहेत."

"हातावर आहेत म्हणजे तुमचेच असणार. चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव. तीन महिने घराबाहेर पडायचं नाही तुम्ही!"

बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. पोलिसाच्या टेबलावर जुना, झिजलेला शिक्का होता आणि दुसरा शिपाई तो शेजारच्या माणसाच्या हातावर तिरका दाबत होता. "अहो, सरळ धरा," बाबा कळवळून म्हणाले, "कडा खाताय त्याच्या!" पोलिसाने पास फाडला आणि आम्हाला साथ नियंत्रण कक्षात पाठवलं.

कक्षात काचेमागे एक बाई बसल्या होत्या. बाबांनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, कागदाच्या लबाडीसकट. बाईंनी मन लावून ऐकलं.

"तुमचं पटतंय मला," त्या म्हणाल्या. "पण शिक्का आहे तर विलगीकरण आहे. ते संपल्याचा दाखला घ्या, मग मोकळे."

"सुरूच झालं नाही ते संपेल कसं?" मी विचारलं.

"तेच म्हणते मी. आधी सुरू करून घेऊ. कुठून आलात?"

"घरातून," बाबा म्हणाले.

"घर हा पर्याय नाहीये. कॉम्प्युटर दुसरा जिल्हा मागतो. रकाना रिकामा सोडला तर पुढेच जात नाही." बाई वैतागल्या. मागे रांग वाढत होती. "बरं, जाणार कुठे होतात?"

बाबांनी ताईचं गाव सांगितलं. बाईंनी तेच टाकलं. यंत्राने टिंग केलं आणि बाबा ताईकडून येऊन पोचले.

"सात वेळा नका हो लिहू," मी म्हटलं.

"छे, एकाच वेळी भोगायचे सातही. घरी स्वतंत्र खोली आहे? वेगळं न्हाणीघर?"

"दोन खोल्या आहेत. एकीत दुकान."

"मग घर चालणार नाही. केंद्रात सोय..." त्यांनी एक वही चाळली. "केंद्र भरलंय. अशा वेळी नियम क्रमांक अकरा." त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "माणूस जिथून आला तिथे परत पाठवायचा. सरकारी गाडीने."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. आणि मग बत्तीस वर्षं एक वेलांटी चुकीची जाऊ न दिलेल्या त्या माणसाने तोंड उघडलं.

"पण बाई, ही नोंद चुकीची आहे. मी तिथून आलोच ना..."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. सगळं वजन टाकून.

"बरं नाही वाटत का त्यांना?" बाईंनी विचारलं.

"प्रवासाचा शीण," मी म्हटलं. "फार लांबून आलेत."

बाबा माझ्याकडे वळले. मी हळूच म्हणाले, "बाबा, या वेळी आधी पोचायचंय." त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी पेन घेतलं. सही करताना हात थरथरत होता. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली खोटी सही. बाईंना वाटलं, ताप आहे. त्यांनी गाडी लगेच मागवली.

ज्या नाक्याने सकाळी पास फाडला, त्याच नाक्यावरून बाबा दुपारी रुग्णवाहिकेतून, भोंगा वाजवत, विनापास गेले. पोलिसाने अडसर झटकन वर केला.

तिकडच्या आरोग्यसेवकांनी त्यांना ताईच्या दारात उतरवलं आणि दारावर कागद चिकटवला : घर बंद, आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. ताई आत, बाबा आत. भावोजी तेव्हा टँकर घेऊन तीन जिल्ह्यांपलीकडे होते. दोन दिवसांनी आले तर ते बाहेरचे.

"हे माझं घर आहे!" ते खालून ओरडले.

"घर तुमचंच आहे, जावईबापू," बाबा खिडकीतून म्हणाले. "फक्त यायचं नाही."

भावोजी टँकरातच झोपायला लागले. चौथ्या दिवशी दुपारी ताईला कळा सुरू झाल्या. भावोजी रुग्णवाहिकेच्या पुढे धावले, पण दवाखान्याच्या दारात परिचारिकेने त्यांना हाताने थोपवलं. बंद घरातल्या बाईसोबत एकच माणूस, तोही त्याच बंद घरातला.

"अहो, मी नवरा आहे!"

"असाल," ती म्हणाली. "पण तुम्ही संपर्कात नाही."

बाबा आत गेले. पाच तास ताईचा हात धरून बसले. अधूनमधून तिला विचारत होते, "जेवलीस का गं?" दुसरं काहीच सुचत नव्हतं म्हणे. शेवटी तीच ओरडली, "बाबा, गप्प बसा आणि नुसतं बसून राहा!" तर बाबा नुसतं बसून राहिले.

मुलगी झाली. रडली चांगली, जोरात.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा बाबा बाळाला घेऊन खिडकीत उभे होते आणि खालच्या रस्त्यावर भावोजी. मला दोघांचंही ऐकू येत होतं.

"जरा पुढे धरा ना बाबा! चेहरा दिसत नाही!"

"वारा आहे खिडकीत."

"कुणासारखी आहे तेवढं तरी सांगा!"

बाबांनी बराच विचार केला असावा. चुकीचं काही सांगणार नाहीत ते.

"अजून सांगता येत नाही, जावईबापू," ते म्हणाले. "दार उघडायला आठ दिवस आहेत अजून. मी नीट बघून ठेवतो."