चुकवू नये अशी गोळी

"जरासं तोंड उघाड व. येवढीच गोई शे."

मीनाबाईचे ओठ सुजून एकमेकांना चिकटले होते. सुकलालने पाण्यात बोट बुडवून ते हळूच सोडवले, तशी ती कळवळली. मग त्याने गोळी दोन चमच्यांमध्ये चुरडली, साखरपाण्यात कालवली आणि थेंबथेंब तिच्या तोंडात सोडली. गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी आले. सुकलालला मात्र हायसे वाटले. आजचीही चुकली नव्हती.

केळीची गाडी घेऊन पार दिल्लीपर्यंत जाणारा हा ड्रायव्हर. आजार रस्त्यावरून त्यानेच घरी आणला, हे त्याला कोणा डॉक्टरने सांगायला नको होते. दोघांच्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मीनाबाईने तो घडी करून डब्यात ठेवला आणि ती भाकरी थापायला बसली. तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरे झाले असते.

बारा दिवसांपूर्वी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी दोघांना एकसारखी पांढरी गोळी सुरू करून दिली. अंगातली ताकद कमी झाली आहे, न्यूमोनिया होऊ नये म्हणून ही; एचआयव्हीची औषधे पुढच्या फेरीला. "एकही दिवस चुकवू नका. आणि अंगावर काही उठलं तर गोळी थांबवा, लगेच इकडे या." सुकलालने पहिले वाक्य तेवढे मनाशी पक्के केले. उभ्या जन्मात बायकोकडे लक्ष न दिलेल्या माणसाला लक्ष द्यायचे एक काम मिळाले होते, आणि ते तो डोळ्यांत तेल घालून करत होता.

दहाव्या दिवशी मीनाबाईला ताप भरला, छातीवर लाल पुरळ उठले. सुकलालच्या आईने, दगूबाईने, बघताक्षणी हात जोडले.

"माता उनी शे. आते सुई नही, दवा नही."

दाराला लिंबाचा डहाळा लागला, घरातली फोडणी बंद झाली. खरे सांगायचे तर सुकलालला बरेच वाटले. लोकांना सांगण्याजोगे काहीतरी मिळाले. माता आलेल्या घरात कोणी डोकावत नाही, खोदून विचारत नाही. शिवाय तीच गोळी तोही खात होता, त्याला कुठे काय झाले? आईची पाठ वळली की तो मीनाबाईला गोळी द्यायचा. देवीचा कोप व्हायचा तर आपल्यावर होवो, असे मनात म्हणायचा.

आणि आज, गोळी दिल्यावर तिला कुशीवर वळवताना, पाठीची कातडी गोधडीलाच चिकटून राहिली. मग मात्र त्याने आईचे ऐकले नाही. शेजारच्या बन्सीलालची पिकअप मागून घेतली आणि शहाद्याचा मोठा दवाखाना गाठला.

"कोणती गोळी चालू आहे?" डॉक्टरांनी विचारले.

सुकलालने खिशातून पाकीट काढले. "एकबी चुकाडी नही साहेब. आज सकायले बी चुरीसन दिधी."

"पुरळ उठल्यावरही?"

"हां."

डॉक्टर रागावले नाहीत.

"काही जणांना ही गोळी सोसत नाही. पुरळ दिसलं त्याच दिवशी बंद करायला हवी होती."

"मंग मन्हा आंगवर कसं काही नही उनं?"

"ते आधी कळत नाही."

"वाची ना ती, साहेब?"

"धुळ्याला हलवतोय," डॉक्टर म्हणाले आणि कागद लिहायला लागले.

अ‍ॅम्ब्युलन्स यायला अवकाश होता. मीनाबाईच्या खाटेशी सुकलाल नुसताच उभा होता. जिथे हात लावावा तिथे कातडी सोलवटेल, अशी तिची गत. रंजिता सिस्टर सलाईन बघायला आली.

"भाऊ, तुमची आजची गोळी घेतली का?"

"मी नही खासू आते ती."

"तुम्हाला ती सोसते. बंद केलीत आणि आजारी पडलात, तर धुळ्याला यांच्याजवळ कोण थांबणार?" तिने पाकिटातली एक गोळी त्याच्या हातावर ठेवली, पाण्याचा पेला खाटेच्या कडेला टेकवला आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

सुकलाल गोळीकडे बघत राहिला. मीनाबाईचा एक डोळा फटीएवढा उघडला. बोलणे तर तिला शक्यच नव्हते. पट्टी गुंडाळलेल्या हाताची दोन बोटे सरकवत तिने पेला जरासा त्याच्याकडे ढकलला.

त्याने गोळी जिभेवर ठेवली, वर घोटभर पाणी प्यायला. गोळी सहज घशाखाली उतरली.